जुन्या मालाचा व्यापारी आणि नवशिक्याच्या चुका

जुना बाजार भरत नाही असे मोठे शहर विरळाच. पुण्याचा जुना बाजार घ्या, हैदराबादेत आबिड्सच्या पदपथांवर रविवारी मांडली जाणारी जुनी पुस्तके घ्या, अथवा इंदूरचा खजुरी बाजार घ्या. एकाच्या घरातून निघालेली वस्तू दुसऱ्याच्या घरी पोचविण्याचा हा उद्योग सर्वत्र चालतो. जुन्या कपड्यांवर नवी भांडी देणारी बोहारीण आणि दारोदार हाक देत फिरणारा रद्दीवाला ही त्याच व्यापाराची घराघरांत परिचित असलेली रूपे होत. लांबून पाहणाऱ्यास हा धंदा फार सोपा वाटतो. त्याला मोठे भांडवल लागत नाही, पदवी लागत नाही, दुकानही लागत नाही. रुपयाला घ्यावे आणि दोन रुपयांस विकावे, एवढाच काय तो हिशेब! या हिशेबावर विसंबून दरवर्षी कितीतरी माणसे आपली शिल्लक या धंद्यात घालतात, आणि थोड्याच काळात घरातली एक खोली न खपणाऱ्या मालाने भरून, हात झाडून बाहेर पडतात.

ती नेमकी कोठे चुकतात? हे त्यांच्या तोंडून कळणे कठीण असते. बुडालेला माणूस आपल्या बुडण्याचा वृत्तांत सहसा लिहून ठेवीत नाही; आणि यशस्वी झालेला माणूस आपण कधी चुकलोच नाही असे सांगू लागतो. म्हणून अठराव्या शतकातील लंडनच्या एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याने आपल्या धंद्याची जी हकीकत 1791 साली छापून प्रसिद्ध केली, ती आजही उपयोगी पडते. या विक्रेत्याचे नाव जेम्स लॅकिंग्टन. आत्मस्तुतीचा मोह त्यालाही आवरला नाही. परंतु आपण कोठून निघालो, प्रारंभी आपले अज्ञान किती होते आणि कोणता धडा केव्हा शिकलो, हे त्याने पुष्कळ मोकळेपणाने सांगितले आहे. त्याच्या चरित्राच्या आधारे या धंद्यातील नवशिक्यांच्या चुका पाहता येतील.

लॅकिंग्टनचा जन्म 1746 साली इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील सॉमरसेट परगण्यात, वेलिंग्टन या गावी झाला. बाप जोडे शिवणारा कारागीर, आणि त्यातून दारूच्या आहारी गेलेला. अकरा भावंडांतील हा थोरला. शाळेची आठवड्याची दोन पेन्स फी भरणेही आईला जड झाले, तेव्हा मुलाचे शिक्षण तेथेच थांबले. दहाव्या वर्षी हा मुलगा एका पाववाल्याच्या पदरी राहून सफरचंदाची पाय गावभर हाका मारीत विकू लागला. त्याने इतका खप केला की जुन्या विक्रेत्यांचा धंदा बसला. हिवाळा आला की तो पंचांगेही विकत फिरे. विकण्याची हातोटी त्याच्या अंगी उपजतच होती असे यावरून दिसते. पण वस्तू विकण्याची हातोटी असणे आणि वस्तूची पारख असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्याला पुढे कळावयाचे होते.

चौदाव्या वर्षी तो टॉन्टन येथे एका जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारीस राहिला. आईने दिलेले किरकोळ पैसे मालकाच्या मुलास देऊन त्याने त्याच्याकडून पुन्हा अक्षरओळख करून घेतली. पुढे ब्रिस्टल शहरी कामाला असताना त्याला आणि त्याच्या एका मित्राला वाचनाचा नाद लागला. ग्रंथविक्रेत्यांच्या मोठ्या दुकानांत जाण्याची दोघांना लाज वाटे, कारण कोणते पुस्तक मागावे हेच त्यांना ठाऊक नव्हते. होमर हा फार थोर कवी, एवढे मात्र त्यांच्या कानांवर आलेले होते. पुस्तकांच्या एका मांडणीवर त्यांना होमरचे इंग्रजी भाषांतर दिसले. दोघांनी मोठ्या आनंदाने ते घेतले, घरी आणून वाचावयास बसले, आणि त्यांची घोर निराशा झाली. हाती आलेले भाषांतर टॉमस हॉब्स या तत्त्ववेत्त्याने सतराव्या शतकात केलेले होते. अलेक्झांडर पोप याने 1715 ते 1720 या वर्षांत प्रसिद्ध केलेले ‘इलियड’ त्या काळी सर्वत्र वाखाणले जात असे. परंतु पोपचे भाषांतर म्हणून काही आहे, हेच या दोघांना माहीत नव्हते.

जुन्या मालाच्या व्यापारातील ही पहिली चूक होय. नवशिका नाव पाहून माल घेतो. नाव तर खरेच असते. होमर म्हणजे होमरच. परंतु त्या एका नावाखाली बाजारात दहा प्रकारचा माल वावरत असतो. भाषांतर कोणाचे, आवृत्ती कोणती, खंड किती आणि त्यांतील हाती किती, मधली पाने शाबूत आहेत किंवा नाहीत, नकाशे कोणी कापून नेले आहेत काय, यांवर पुस्तकाची किंमत ठरते. पाच खंडांच्या ग्रंथाचे चार खंड मिळाले म्हणून चार पंचमांश किंमत येईल अशा भ्रमात कोणी राहू नये. अपुऱ्या संचाला बहुधा रद्दीचाच भाव येतो. हीच गोष्ट घड्याळाची, शिवणयंत्राची, सायकलीची आणि पेटीची. वरचे नाव नामांकित कारखान्याचे असते, आणि आतील यंत्र भलत्याच ठिकाणचे. जुन्या वस्तूचा प्रत्येक नग हा स्वतंत्र असतो आणि तो तसाच तपासावा लागतो. नव्या मालाचे दुकानदार एक नग पाहून शंभर नग घेऊ शकतात. जुन्या मालात ती सोय नाही.

लॅकिंग्टनच्या सुदैवाने ही चूक त्याने वाचक असताना केली. तिची किंमत अल्प होती. व्यापारी होऊन त्याने ती शंभर पुस्तकांच्या बाबतीत केली असती, तर त्याचे दुकान कदाचित वर्षभरही टिकले नसते.

1770 साली त्याचा विवाह झाला आणि 1773 च्या सुमारास तो लंडनला आला. त्या वेळी त्याच्या खिशात अर्धा क्राउन एवढीच रक्कम होती. त्या काळचे नाणे समजून घ्यावयाचे तर एका पौंडाचे वीस शिलिंग आणि एका शिलिंगाचे बारा पेन्स होत असत. अर्धा क्राउन म्हणजे अडीच शिलिंग. लंडनमधील एका नाताळच्या आदल्या दिवशी घडलेला प्रसंग त्याच्या चरित्रात विशेष प्रसिद्ध आहे. सणाच्या जेवणाचे सामान आणण्यासाठी घरात उरलेला अर्धा क्राउन घेऊन तो बाहेर पडला. वाटेत जुन्या पुस्तकांचे दुकान लागले. तेथे एडवर्ड यंग या कवीचा ‘नाइट थॉट्स’ हा काव्यग्रंथ त्याच्या नजरेस पडला, आणि जेवणाचे पैसे देऊन तो ग्रंथ घेऊनच स्वारी घरी परतली! बायकोला त्याने समजाविले की, जेवण उद्या संपून गेले असते, पुस्तक मात्र आयुष्यभर पुरेल.

ही गोष्ट सांगताना लोक त्याच्या ग्रंथप्रेमाचे कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. परंतु व्यापाराच्या दृष्टीने पाहिले तर नवशिक्याची दुसरी मोठी चूक येथेच दडलेली आहे. आपल्याला आवडलेली वस्तू गिऱ्हाइकालाही आवडेल असे तो धरून चालतो. जुन्या मालाच्या धंद्यात शिरणारी बहुतेक माणसे मूळची शोकीन असतात. कोणाला ग्रंथांचा नाद, कोणाला समयांचा, कोणाला जुन्या घड्याळांचा. हा शोक म्हणजे त्यांची विद्याच असते, कारण त्याच्यापायी त्यांनी पुष्कळ पाहिलेले असते. पण खरेदीच्या क्षणी तोच शोक वैरी ठरतो. शोकिनाला वस्तू हातची सुटू नये असे वाटते. व्यापाऱ्याला ती हातात राहू नये असे वाटले पाहिजे. त्या रात्री लॅकिंग्टन वाचक होता, म्हणून त्याचे वर्तन शोभून गेले. दुकान काढल्यावर मात्र त्याला निराळ्या दृष्टीने पुस्तकाकडे पाहणे भाग पडले.

ते दुकान त्याने 1774 च्या जून महिन्यात लंडनच्या फेदरस्टोन स्ट्रीटमध्ये काढले. हे साल इंग्लंडच्या ग्रंथव्यवहारात महत्त्वाचे आहे. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत तेथील उमरावांच्या सभेने डोनाल्डसन विरुद्ध बेकेट या खटल्यात असा निवाडा दिला की, ग्रंथावरील मालकी हक्क निरंतर चालत नाही. कायद्याने ठरविलेली मुदत संपताच तो संपतो. लंडनमधील मूठभर मोठ्या ग्रंथविक्रेत्यांनी थोर लेखकांचे ग्रंथ पिढ्यान्पिढ्या आपल्याच हाती ठेवले होते. ती मक्तेदारी या निवाड्याने मोडली आणि स्वस्त पुस्तकांस वाट मोकळी झाली. जोडे शिवणाऱ्या लॅकिंग्टनला या खटल्याचा तपशील ठाऊक असेल किंवा नसेल. परंतु ज्या बाजारात तो उतरला तो बाजार नुकताच कूस पालटीत होता. व्यापारात मनुष्याच्या कर्तबगारीइतकाच काळाचाही वाटा असतो, हे विसरून चालत नाही.

दुकानातील भांडवल काय होते? एका गिनीस, म्हणजे एकवीस शिलिंगांस घेतलेले पोतेभर जुने ग्रंथ, त्यांत बहुतेक धार्मिक. आणि जोड्यांसाठी लागणाऱ्या कातड्याचे तुकडे. सर्व मिळून किंमत सुमारे पाच पौंड. तो त्या वेळी मेथडिस्ट पंथाचा अनुयायी होता. त्या पंथाच्या एका निधीतून गरजू सभासदांस तीन महिन्यांच्या मुदतीने बिनव्याजी कर्ज मिळत असे. त्यातून त्याने पाच पौंड घेतले. सहा महिन्यांत पुस्तकांचा साठा पंचवीस पौंडांचा झाला.

पाचाचे पंचवीस झाले हे ऐकून नवशिक्याचे डोळे दिपतात. परंतु ते कशाने झाले हे तो विचारीत नाही. लॅकिंग्टनने त्याचे कारण सांगून ठेवले आहे. त्या सहा महिन्यांत नवराबायको अत्यंत काटकसरीने राहिली. कित्येकदा बटाटे खाऊन आणि पाणी पिऊन त्यांनी जेवण भागविले. पुस्तकावर मिळालेला प्रत्येक पेनी पुन्हा पुस्तकातच गेला. तिसरी चूक कोणती ती यावरून ध्यानात येईल. गल्ल्यात पडलेली सारी रक्कम ही आपली कमाई, असे नवशिक्याला वाटते. दहा रुपयांचा माल पंधरा रुपयांस विकला की पंधराही रुपये त्याला आपले वाटतात. वास्तविक त्यांतले दहा हे मुद्दल असते. उरलेल्या पाचांतून गाडीभाडे, जागेचे भाडे, दुरुस्तीचा खर्च आणि न खपलेल्या मालाचा तोटा वजा जाता जे उरेल तेवढाच नफा. मुद्दल आणि नफा यांच्या दोन निराळ्या पिशव्या ज्याने पहिल्या दिवसापासून केल्या नाहीत, त्याला आपण मुद्दल खात आहो हे पोते रिकामे झाल्यावरच कळते.

दुसऱ्या वर्षी त्याच्यावर संकट कोसळले. 1775 साली तापाच्या साथीत त्याची पत्नी वारली. तो स्वतःही मरणाच्या दारातून परत आला. आजारात सेवेला ठेवलेल्या बायांनी घरातील चीजवस्तू लांबविली. दुकान तेवढे वाचले, कारण काही मित्रांनी वेळीच त्याला कुलूप लावून ठेवले होते. एकट्या माणसाच्या डोक्यात साठलेला धंदा त्या माणसाबरोबरच अंथरुणाला खिळतो. कोणता माल कोठे आहे, कोणाचे देणे आहे, हे वहीत लिहिलेले असणे आणि विश्वासाचे एखादे माणूस जवळ असणे ही त्या धंद्याची खरी तटबंदी होय. पुढच्या वर्षी लॅकिंग्टनने पुन्हा विवाह केला. ही पत्नी डॉर्कस स्वतः वाचनाची भोक्ती होती आणि दुकान सांभाळण्यात तिचे मोठेच साहाय्य झाले.

1778 साली जॉन डेनिस नावाचा एक ग्रंथप्रेमी गृहस्थ भांडवल घालून त्याचा भागीदार झाला. दोघांनी 1779 साली पुस्तकांची पहिली यादी छापली. तीत बारा हजार ग्रंथ होते. यादीत चुका पुष्कळ होत्या. तरी पहिल्याच आठवड्यात वीस पौंडांची विक्री झाली आणि दोघेही चकित झाले. पण ही भागी फार काळ टिकली नाही. लॅकिंग्टन भरमसाट खरेदी करतो, एवढा माल खपावयाचा केव्हा, अशी डेनिसची तक्रार होती. 1780 साली दोघे वेगळे झाले.

पुढे लॅकिंग्टन श्रीमंत झाला म्हणून डेनिसचे भय खोटे होते असे मात्र मानू नये. सामान्य माणसाच्या बाबतीत डेनिसचेच म्हणणे बरोबर ठरते. स्वस्त मिळाले म्हणून घ्यावयाचे, आणि ठेवावयास जागा आहे म्हणून आणखी घ्यावयाचे, ही चौथी चूक सर्वांत अधिक लोकांना भोवते. पडून राहिलेला माल गप्प बसलेला दिसतो. प्रत्यक्षात तो रोज खात असतो. वाळवी आणि दमट हवा त्याला खातात, जागेचे भाडे त्याला खाते, आणि त्यात अडकलेला पैसा दुसऱ्या चांगल्या खरेदीच्या वेळी हाती नसतो, हा तोटा तर वहीत दिसतही नाही. समजा, एकाने हजार रुपयांची वस्तू घेतली आणि वर्षभर थांबून ती दीड हजारास विकली. त्याला पाचशे रुपये सुटले. दुसऱ्याने हजार रुपयांचा माल महिन्याच्या आत एक हजार साठ रुपयांस विकला आणि तेच हजार दर महिन्यास फिरविले. वर्षाअखेर त्याला सातशे वीस रुपये सुटले. पहिल्याला एका व्यवहारात पन्नास टक्के मिळाले म्हणून तो फुशारकी मारील. घर चालेल ते मात्र दुसऱ्याचे.

लॅकिंग्टनला ही उलाढालीची किल्ली सापडली होती. तो पुष्कळ घेत असे, कारण त्याहून वेगाने विकण्याची त्याची तयारी होती. भागीदारी संपली त्याच सुमारास, 1780 साली, त्याने एक धाडसी निश्चय केला: कोणालाही उधार द्यावयाचे नाही. त्या काळी लंडनमधील प्रतिष्ठित गिऱ्हाइके वर्षवर्ष उधारी चालवीत. काहींची बिले सहा महिन्यांत येत, काहींची दोन वर्षांनी, आणि काहींची कधीच येत नसत. उमराव घराण्यातील मंडळींस रोख पैसे मागणे म्हणजे त्यांचा अपमान, अशी समजूत होती. शेजारच्या दुकानदारांनी त्याला वेड्यात काढले. काही गिऱ्हाइके रागावून गेली. तथापि त्याचा हिशेब पक्का होता. उधारीतील बुडीत रक्कम आणि व्याज भरून काढण्यासाठी इतर विक्रेते किंमत चढवीत. ते ओझे उतरले की किंमत कमी करता येते, आणि किंमत कमी केली की रोख देणारे गिऱ्हाईक आपोआप येते.

‘उधारीचे पोते सव्वा हात रिते’ ही म्हण मराठी माणसाला सांगावयास नको; पण तिच्यातील गणित नवशिक्याच्या ध्यानात येत नाही. नऊ रुपयांस घेतलेला नग दहा रुपयांस उधार विकला आणि ती उधारी बुडाली, तर गेलेले नऊ रुपये परत मिळविण्यासाठी तसेच आणखी नऊ नग रोखीने विकावे लागतात. थोड्या नफ्यावर चालणाऱ्या धंद्याला एक बुडीत गिऱ्हाईक नऊ चांगल्या गिऱ्हाइकांची मेहनत गिळून टाकते.

रोखीबरोबरच त्याने प्रत्येक पुस्तकावर आपली शेवटची किंमत लिहून ठेवण्याचा प्रघात पाडला. घासाघीस नाही. जुन्या मालाचा नवशिका येथेही चुकतो. गिऱ्हाईक पाहून तो किंमत सांगतो. चांगल्या कपड्यातल्याला शंभर, साध्या कपड्यातल्याला साठ. दोघे एकमेकांस भेटले की शंभर देणारा पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही. वस्तूवर किंमत लिहिलेली असली म्हणजे विक्रेत्यालाही वस्तूचा विचार आधी आणि शांतपणे करावा लागतो. ऐन वेळी जिभेवर येईल तो आकडा सांगता येत नाही.

लॅकिंग्टनचे सर्वांत मोठे पाऊल मात्र निराळेच होते. ग्रंथविक्रेत्यांच्या आपसातील लिलावांत न खपलेल्या पुस्तकांचे गठ्ठेच्या गठ्ठे विकले जात. घेणारा त्यांतील अर्ध्या किंवा तीनचतुर्थांश प्रती जाळून नष्ट करी आणि उरलेल्या पूर्ण किमतीस विकी, म्हणजे भाव पडत नसे. जो हा संकेत मोडील त्याला पुढील लिलावात प्रवेश मिळत नसे. प्रथम लॅकिंग्टननेही हा रिवाज पाळला. पुढे त्याने तो टाकून दिला. गठ्ठे विकत घेऊन तो सर्व प्रती अर्ध्या किंवा चतुर्थांश किमतीस विकू लागला. व्यवसायबंधू खवळले, त्याला माल मिळू नये म्हणून खटपटी झाल्या. पण ज्यांना आजवर पुस्तक घेणे परवडत नव्हते असे लोक आता त्याच्या दारी येऊ लागले. एके काळी आयझॅक वॉट्स याच्या स्तोत्रग्रंथाच्या दहा हजार प्रती एकट्या त्याच्या कोठारात होत्या. हे करताना तो डेनिसचा इशारा विसरला होता काय? नाही. वॉट्सची स्तोत्रे घरोघर म्हटली जात. ती कोण घेईल आणि किती दिवसांत घेईल, हे त्याला माहीत होते. मोठी खरेदी ही त्याची शेवटची पायरी होती. नवशिका तीच पहिली पायरी समजतो, आणि तेथेच कोसळतो.

या धंद्याची आणखी एक बाजू आहे, आणि ती केवळ नफातोट्याची नाही. जुना माल घरातून बाहेर पडतो तो बहुधा अडचणीच्या वेळी. घरधनी वारलेला असतो, कर्ज फेडावयाचे असते, बदली झालेली असते, किंवा वाड्याच्या वाटण्या झालेल्या असतात. विकणाऱ्याला वस्तूची किंमत ठाऊक नसते, घेणाऱ्याला असते. नवऱ्याचे पुस्तकांचे कपाट विकावयास काढलेल्या विधवेकडून ते रद्दीच्या भावाने उचलता आले, की नवशिका त्याला आपले चातुर्य समजतो. नीतीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी हा हिशेब चुकीचाच आहे. जुन्या मालाच्या व्यापाऱ्यास कारखाना माल पुरवीत नाही. त्याला माल पुरवितात ती घरे. ज्या घराला आपण नाडले गेलो असे कळते, ते घर आणि त्याचे सारे आप्तेष्ट त्याला कायमचे बंद होतात. वाजवी भाव देणाऱ्याला मात्र पुढच्या वेळी बोलावणे येते, आणि बोलावणे येणे हाच या धंद्यातील खरा साठा होय.

कोणाकडून घेतो याची चौकशी न करणे ही तर चुकांतली चूक. भारतीय न्याय संहिता 2023 च्या कलम 317 अन्वये, वस्तू चोरीची आहे हे ठाऊक असताना किंवा तसे मानण्यास सबळ कारण असताना ती अप्रामाणिकपणे घेणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा आहे. स्वस्ताई जेव्हा संशय यावा इतकी होते, तेव्हा विकणाऱ्याचे नाव, पत्ता आणि पावती मागणे हे व्यापाऱ्याचे संरक्षण असते. तसेच 1972 च्या पुरावस्तूविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, चित्रे, कलाकुसरीच्या चीजा इत्यादी पुरावस्तूंचा, आणि शास्त्रीय, ऐतिहासिक अथवा वाङ्मयीन मोल असलेल्या पंचाहत्तर वर्षांच्या हस्तलिखितांचा व्यापार करावयास परवाना लागतो. देवघरातील जुनी मूर्ती किंवा माळ्यावरची पोथी विकावयास घेणाऱ्याने हे आधी जाणून घ्यावे.

लॅकिंग्टनच्या यशाची पुढील कथा थोडक्यात सांगता येईल. 1791 च्या सुमारास आपण वर्षाला एक लाखाहून अधिक ग्रंथ विकतो असे त्याने लिहिले. त्याने घोडागाडी घेतली आणि तिच्या दारावर लहान नफा मोठी कामे करतो, अशा अर्थाचे वचन रंगविले. आपल्याकडील ‘थेंबे थेंबे तळे साचे’ या म्हणीचाच तो इंग्रजी अवतार. काही वर्षांतच फिन्सबरी चौकात ‘टेंपल ऑफ द म्यूझेस’, म्हणजे विद्यादेवतांचे मंदिर, या नावाचे त्याचे भव्य दुकान उभे राहिले. तेथील मधला गल्ला वर्तुळाकार होता आणि त्याभोवती चार घोड्यांची गाडी फिरवून दाखविण्यात आली, असे सांगतात. घुमटाखालच्या सज्ज्यांतून जसजसे वर जावे तसतशी पुस्तके अधिक जीर्ण आणि अधिक स्वस्त होत जात. 1798 साली त्याने धंद्यातून अंग काढून घेतले आणि 1815 साली तो वारला. त्याच्या वारसांच्या पेढीनेच 1818 साली मेरी शेली हिची ‘फ्रॅंकेन्स्टाइन’ ही कादंबरी प्रथम प्रसिद्ध केली. 1841 साली ते मंदिर आगीत भस्मसात झाले.

ही हकीकत वाचताना एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. ती विजेत्याने लिहिलेली आहे. लंडनच्या गल्ल्यांत त्याच वर्षी एक गिनीचे पोते घेऊन बसलेले दुसरे कितीजण रस्त्यावर आले, हे कोणी लिहून ठेवले नाही. म्हणून लॅकिंग्टनच्या वैभवाकडे पाहून धंद्यात उडी घेणे हीदेखील एक चूकच ठरेल. त्याच्याकडून घ्यावयाचे ते वैभवाचे स्वप्न नव्हे. घ्यावयाची ती त्याची शिस्त. थोड्या आणि स्वतःच्या पैशाने आरंभ, प्रत्येक नगाची तपासणी, मुद्दलाला हात न लावणे, रोखीचा व्यवहार, एक किंमत, आणि माल फिरता ठेवणे.

आता जुन्या मालाची मांडणी पदपथावरून पुष्कळशी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर गेली आहे. वस्तू हातात न घेता, केवळ चित्र पाहून खरेदी होते. म्हणजे ब्रिस्टलच्या त्या दोन तरुणांची चूक करणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. साधने पालटली तरी नवशिक्याने स्वतःला विचारावयाचा प्रश्न तोच राहिला आहे. ‘ही वस्तू केवढ्याला मिळते?’ हा प्रश्न तो सहज विचारतो. ‘ही कोण घेईल, केव्हा घेईल, आणि घेऊन गेल्यावर पुन्हा माझ्याकडे येईल काय?’ या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी असेल, त्यानेच खिशात हात घालावा. ते उत्तर मिळेपर्यंत बाजारात हिंडावे, पुष्कळ पाहावे, भाव विचारावेत, आणि रिकाम्या हातांनी घरी परत यावे. त्या रिकाम्या फेऱ्यांत जे शिकावयास मिळते, त्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही.